विकासात्मक अपंगत्व आणि दवाखाना: अडतं कुठे आणि सोडवायचं कसं?

उंबरठा

नमस्कार. बौद्धिक अक्षमता, ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, डाउन सिंड्रोम असणाऱ्यांच्या थेरपीवर आणि शाळेवर इथे चांगले धागे आहेत. पण पोट बिघडणं, दात किडणं, कान ठणकणं, थायरॉइड कमी होणं ही कुणालाही होणारी दुखणी. त्यांवर ह्या मंडळींना वेळेत उपचार का मिळत नाहीत, ह्यावर सलग असं काहीच नाही. म्हणून हा धागा काढतेय.

प्रश्न किती गंभीर आहे ह्याचा एकच दाखला देते. इंग्लंडमध्ये बौद्धिक अक्षमता असलेल्या २४७ जणांच्या मृत्यूंची बारकाईने तपासणी झाली आणि २०१३ साली तिचे निष्कर्ष आले. सर्वसाधारण लोकांच्या तुलनेत पुरुष १३ वर्षं आणि बायका २० वर्षं आधी गेलेल्या दिसल्या. टाळता येण्यासारख्या मृत्यूंमागे सर्वांत जास्त वेळा आढळलं ते निदानाला किंवा उपचाराला झालेला उशीर. असाध्य आजारांपेक्षा हा उशीरच जास्त भोवला.

आणि हा उशीर बहुतेकदा एका वाक्यातून सुरू होतो: "ह्यांचं असंच असतं." डोकं आपटतोय? ऑटिझम आहे ना. जेवत नाही? हट्टी आहे. रात्रभर जागी असते? मेंदूचाच दोष. मूळ निदान एवढं मोठं होऊन बसतं की त्याच्या आड दुसरं काही असू शकतं हे कुणाच्या डोक्यातच येत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे. वागणं नेहमीपेक्षा बदललं, की ते शारीरिक दुखणं आहे असंच धरून चालायचं. तपासून तसं नाही हे दिसलं तरच वर्तनाचा विचार, आणि वर्तनाचं औषध त्याच्याही नंतर. डॉक्टरांना भेटाल तेव्हा पुढच्या जागा तपासल्या गेल्यात का ते बघा: दात आणि हिरड्या, दोन्ही कान (मळ घट्ट बसला असेल तरीसुद्धा चिडचिड होते), घसा, पोट, लघवी, पाळीचं दुखणं, कंबरेचे सांधे, पायाची नखं, व्हीलचेअर किंवा पट्ट्यांखालची त्वचा, झोपेतलं घोरणं, आणि गेल्या दोन महिन्यांत बदललेली औषधं. शेवटच्या मुद्द्याकडे हमखास दुर्लक्ष होतं. लेव्हेटिरासिटामसारखं फिट्सचं औषध सुरू केल्यावर चिडचिड वाढते हे माहीत असलेलं आहे. तरी अशा वेळी तेच औषध बघायचं सोडून वर शांत करणारं दुसरं दिलं जातं.

काही खुणा पटकन दिशा देतात. जेवणानंतर मान वाकडी करून पाठ कमानीसारखी ताणणं आणि सारखा हात तोंडात घालणं म्हणजे छातीत आंबट वर येत असेल. एकाच बाजूने डोकं मारणं म्हणजे त्या बाजूचा कान किंवा दाढ. चालणारी व्यक्ती अचानक पायरी उतरायला नको म्हणायला लागली तर नजर, पाऊल आणि कंबरेचा सांधा बघायचा, आणि डाउन सिंड्रोम असेल तर मानेचे मणकेसुद्धा.

ज्यांना ह्या कामातलं प्रत्यक्ष माहीत आहे त्यांनी लिहा. "प्रेमाने समजवा" असले सल्ले नकोत, नेमकं काय करायचं ते हवं.

कवडसा

वाचनखूण साठवली. वॉर्डच्या बाजूने लिहिते.

आमच्याकडे माणूस येतो तेव्हा आम्ही त्याला आजारीच बघतो. तो बरा असताना कसा असतो हे आम्हाला ठाऊक नसतं. बोलू न शकणाऱ्या माणसाचं दुखणं ओळखायचं तर आधी त्याचं रोजचं वागणं कळायला हवं. ते तुम्ही लिहून आणलंत तर रात्रपाळीच्या सिस्टरचं काम निम्म्याने सोपं होतं.

कागद एकच ठेवा, पाठपोट. चार पानांची फाइल पहिल्या तासात कुणी वाचत नाही. तीन रंगांत भाग पाडायची पद्धत चांगली आहे. लाल भागात जीवाशी संबंधित गोष्टी: अ‍ॅलर्जी, फिट आली तर काय द्यायचं आणि किती मिनिटांनी, गिळण्याचा त्रास आणि अन्न-पाणी किती घट्ट लागतं, चालू औषधं मात्रेसकट, शेवटचं मोजलेलं वजन तारखेसह, हृदयाचं किंवा मानेचं काही असेल तर ते. पिवळ्या भागात रोजचा व्यवहार: "हो" आणि "नाही" कसं सांगतो, शी-शू कशी कळते, औषध कशातून घेतो, झोपताना काय लागतं. हिरव्या भागात आवडीनिवडी.

दुखण्याचा मजकूर लाल भागातच टाका. आणि "दुखलं की चिडतो" एवढ्यावर थांबू नका. "दुखत नसताना सतत गुणगुणतो. दुखायला लागलं की गुणगुणणं थांबतं, डावा गुडघा पोटाशी घेतो, मांडीवर थोपटलेलं चालत नाही" असं लिहा. काही जणांच्या बाबतीत गप्प होणं हीच दुखण्याची खूण असते, आणि वॉर्डमध्ये गप्प माणूस म्हणजे बरा माणूस समजला जातो. मोजायला फ्लॅक मापनश्रेणीची सुधारित आवृत्ती वापरतात: चेहरा, पाय, हालचाल, रडणं आणि समजूत निघणं ह्या पाच गोष्टींना प्रत्येकी ० ते २ गुण, एकूण १०. सुधारित आवृत्तीत त्या व्यक्तीच्या खास खुणा पालकांना विचारून प्रत्येक रकान्यात लिहायची सोय आहे. "आपण ती वापरता का?" एवढं विचारलंत तरी फरक पडतो.

माणूस बरा असतानाचे दोन छोटे व्हिडिओही फोनमध्ये ठेवा, एक जेवतानाचा, एक चालतानाचा. "आधीपासूनच असा चालतो का?" ह्या प्रश्नाला ह्याहून चांगलं उत्तर नाही.

तिठा

कवडसा, फार उपयोगी. पण मुळात आत जाईपर्यंतच सगळं बिनसतं त्याचं काय? ओपीडीत दोन-तीन तास, गर्दी, ट्यूबलाइट, सारखा नंबरांचा पुकारा. डॉक्टरांपर्यंत पोचतो तोवर माणूस थकून इतका बिथरलेला असतो की तपासणी होतच नाही, आणि केसपेपरवर "सहकार्य करत नाही" असा शेरा येतो.

पाणकणीस

तिठा, तो शेरा आला की त्यावर "काय जमलं, काय नाही जमलं, पुढच्या वेळी काय बदलायचं" हे लिहून मागा. नुसता शेरा पुढच्या प्रत्येक डॉक्टरला हात झटकायला कारण देतो.

भेट ठरवताना फोनवर मोघम बोलू नका, "जरा समजून घ्या" ह्याचा काही उपयोग होत नाही. मागण्या नेमक्या ठेवा. दिवसातली पहिली किंवा जेवणाच्या सुट्टीनंतरची पहिली वेळ. एकाऐवजी दोन लागोपाठच्या वेळा. वाट बघायला बाहेर मोकळ्यावर किंवा गाडीत थांबायची मुभा आणि नंबर आला की फोन. तपासणीच्या खोलीत एका वेळी दोनच माणसं. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे शक्य असेल तेव्हा एक कोरी भेट: येऊन खुर्चीत बसायचं, स्टेथोस्कोप हातात घ्यायचा, वजनकाट्यावर उभं राहायचं आणि परत. काही टोचायचं नाही, काही तपासायचं नाही. पहिलीच भेट सुईची झाली तर पुढच्या सगळ्या भेटी त्या सुईच्याच होतात.

तपासताना क्रम उलटा ठेवायला सांगा. आधी लांबून बघणं: श्वास, चाल, रंग. मग हातपाय. मग छाती-पोट. कान, घसा आणि जिथे दुखतंय ती जागा शेवटी. रक्तदाबाचा पट्टा आधी दोनतीनदा न फुगवता बांधून सोडायचा. आणि पट्टा दंडाच्या मापाचा हवा. जाड दंडाला छोटा पट्टा लावला तर आकडा खोटाच वाढलेला येतो, आणि त्यावर गोळी सुरू झालेली दिसते.

वजनाचंही तसंच. उभं राहता येत नाही म्हणून अंदाजे वजन लिहिलं जातं आणि फिट्सच्या, भुलेच्या, अँटिबायोटिकच्या मात्रा त्या अंदाजावर निघतात. व्हीलचेअरसकट चढता येईल असा काटा फिजिओथेरपी किंवा डायलिसिस विभागात बहुधा असतो. खुर्चीचं रिकामं वजन एकदा करून खुर्चीवरच लिहून ठेवा.

रानजाई

रक्त काढण्यावर सविस्तर लिहिते, कारण सगळ्यात जास्त भेटी इथेच मोडतात. त्यापायी वर्षानुवर्षं थायरॉइड, साखर, औषधाची रक्तातली पातळी काहीच तपासलं जात नाही.

आधी तपासण्यांची यादी एकत्र करा. फिट्सचे डॉक्टर, थायरॉइडचे डॉक्टर आणि नेहमीचे डॉक्टर तीन वेगवेगळ्या दिवशी रक्त मागतात. तिघांच्या चिठ्ठ्या एकाच वेळी लॅबला द्या आणि एकूण किती नळ्या लागतील ते विचारा. उपाशीपोटी येणं खरंच गरजेचं आहे का तेही विचारा. एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी दाखवणारी तपासणी) आणि थायरॉइडला उपाशी राहावं लागत नाही, लिपिडही बहुतेक वेळा खाऊन चालतं. उपाशी, तहानलेला माणूस चिडतो आणि त्याच्या शिरा दबतात. सकाळपासून भरपूर पाणी पाजलंत आणि हात कोमट ठेवलात तर शीर सापडायला सोपी जाते. फिट्सच्या औषधाची पातळी बघायची असेल तर मात्र रक्त सकाळच्या गोळीच्या आधी काढायचं असतं, तेव्हा वेळ त्याप्रमाणे मागा.

मग बधिर करणारं क्रीम. लिडोकेन आणि प्रिलोकेन प्रत्येकी २.५ टक्के असलेलं मिळतं. कुठे लावायचं ते रक्त काढणाऱ्याला विचारून ठरवा आणि दोन जागी लावा, कारण पहिली शीर चुकली तर दुसरी जागा बधिर असायला हवी. जाड थर द्यायचा, चोळायचं नाही, वरून चिकट पारदर्शक पट्टी, आणि किमान ६० मिनिटं थांबायचं. ह्यात तीन चुका होतात. एक, वीस मिनिटांत पट्टी काढली जाते, मग दुखतं आणि क्रीम निरुपयोगी ठरवलं जातं. दोन, क्रीमने त्वचा पांढरी पडते आणि शीर आकसते. पुसल्यावर दहा मिनिटं थांबून हात उबदार केला की ती परत वर येते. तीन, स्पर्शाची अतिसंवेदना असेल तर सुईपेक्षा चिकटपट्टी ओढून काढणंच असह्य होतं. तिथे चिकटपट्टीऐवजी स्वयंपाकघरातली पातळ प्लास्टिक फिल्म गुंडाळा. क्रीम चाटलं जाणार नाही इकडे लक्ष ठेवा. जीभ-घसा बधिर झाला तर गिळताना ठसका लागतो, आणि जास्त पोटात गेलं तर फिट येऊ शकते. जी-६-पीडीची कमतरता (लाल रक्तपेशींतला एक आनुवंशिक दोष) असेल तर प्रिलोकेन असलेलं क्रीम वापरायच्या आधी डॉक्टरांना विचारायचंच.

तिसरा भाग सरावाचा. तो घरी, सुईशिवाय, रोज पाच मिनिटं. दंडाला रबरी पट्टा पाच सेकंद, मग दहा, मग तीस. कोपराच्या खळगीत ओला कापूस, मग स्पिरिटचा वास असलेला कापूस. हात उशीवर सरळ ठेवून एक ते वीस आकडे. मग टोपण लावलेल्या पेनाचं टोक हलकेच टेकवणं. प्रत्येक पायरी शांतपणे दोन-तीनदा जमली तरच पुढची. एखाद्या दिवशी बिनसलं तर एक पायरी मागे यायचं आणि तिथे यशस्वी होऊन थांबायचं. "नाही" म्हटल्यावर आपण खरंच थांबतो हा अनुभव त्या माणसाला आला पाहिजे, सगळा सराव त्याच्यावर उभा आहे.

प्रत्यक्ष दिवशी फुलपाखरी सुई (२३ गेजची पुरते), सगळ्यात सराईत हात, आणि जास्तीत जास्त दोन प्रयत्न. दुसरा चुकला की त्या दिवशी बंद. हे आधीच ठरवून सांगा.

आडवाट

>>दुसरा चुकला की त्या दिवशी बंद.

रानजाई, सगळं पटलं पण हे व्यवहारात कठीण आहे. महिनाभर सराव, मग क्रीम, मग परत. चौघांनी घट्ट धरलं की दोन मिनिटांत रक्त निघतं. रडतील थोडं, पण तपासणी तरी होते. आजारी माणसाला ताटकळत ठेवण्यापेक्षा ते बरं नाही का?

रानजाई

आडवाट, तातडी असेल तेव्हा सुरक्षितपणे, कमीत कमी वेळ धरून उपचार करावेच लागतात. जंतुसंसर्ग रक्तात पसरतोय आणि आपण सराव करत बसलोय असं कुणीच म्हणणार नाही. पण वर्षाची नेहमीची तपासणी ही तातडी नव्हे.

धरून काढलेल्या रक्ताची किंमत पुढच्या भेटीला द्यावी लागते. आज चौघांना आवरला, पुढच्या वर्षी सहा लागतील, आणि वीस-पंचवीस वर्षांच्या धडधाकट माणसाला सहा जणही आवरू शकत नाहीत. मग रक्तदाबसुद्धा कुणी मोजू देत नाही. शिवाय धरण्याचेही धोके आहेत. पालथं दाबलं तर श्वास कोंडतो. हाडं ठिसूळ असलेल्या, वर्षानुवर्षं फिट्सची औषधं घेणाऱ्या आणि न चालणाऱ्या माणसाचा हात पिरगळला तर हाड मोडतं, आणि ते दुखतंय हे तो सांगू शकत नाही. सराव आणि क्रीम दोन्हीने जमलं नाही तर पुढची पायरी औषध देऊन गुंगी आणण्याची आहे. त्यावर जाणकारांनी लिहावं.

गोकर्ण

भूलशास्त्रात काम करतो, म्हणून लिहितो.

आधी एक कळकळीची विनंती. "थोडं गुंगीचं" सरबत घरी देऊन आणू नका. सर्दीची झोप आणणारी औषधं काही मुलांत उलटी पडतात आणि झोपेऐवजी अस्वस्थता वाढते. ज्यांचा झोपेत श्वास अडतो (डाउन सिंड्रोममध्ये हे फार आढळतं), त्यांना घरी, ऑक्सिजनशिवाय, गाडीत मान खाली पडलेल्या अवस्थेत दिलेलं गुंगीचं औषध जिवावर बेतू शकतं. मिडाझोलाम तोंडातून किंवा नाकातून, डेक्समेडेटोमिडीन नाकातून, हे चांगले पर्याय आहेत. पण मात्रा वजनावर ठरते आणि ऑक्सिजनची पातळी बघायला माणूस शेजारी लागतो.

पूर्ण भूल द्यायची वेळ आली तर ती एका कामासाठी वाया घालवू नका. दातांसाठी भूल ठरली असेल तर त्याच बैठकीत रक्ताच्या सगळ्या नळ्या, कानातला मळ काढून पडद्याची तपासणी, बाहुल्या मोठ्या करून चष्म्याचा नंबर आणि डोळ्याचा मागचा पडदा, ईसीजी, पोटाची सोनोग्राफी, राहिलेली लस, नखं कापणं, बाईंच्या बाबतीत गरज असेल तर स्त्रीरोग तपासणी, हे सगळं होऊ शकतं. अडचण येते ती समन्वयाची. दंतवैद्य, कान-नाक-घसा आणि नेत्रतज्ज्ञ एका थिएटरमध्ये एका सकाळी यायला हवेत. ही जुळवाजुळव आपोआप होत नाही, कुणीतरी एकाने ती अंगावर घ्यावी लागते. दोन-तीन आठवडे आधी यादी लेखी द्या. प्रत्येक गोष्टीची संमती वेगळी घेतली जाईल हे बघा. भूल दिल्यावर "आता हेही करून टाकू" असं होता कामा नये.

उपाशी राहण्याची वेळ नीट पाळा: घन अन्न ६ तास, स्वच्छ पाणी २ तास आधीपर्यंत. "मध्यरात्रीपासून काही नाही" असं सरसकट सांगितलं आणि नंबर दुपारी लागला तर बारा-चौदा तास कोरडे जातात. म्हणून यादीत पहिला नंबर मागा. आणि फिट्सच्या गोळ्या सकाळी घोटभर पाण्याबरोबर द्यायच्याच का, हे आदल्या दिवशी भूलतज्ज्ञांना विचारा. उत्तर बहुधा "हो" असतं. उपासाच्या नावाखाली ती मात्रा चुकवणं हे शस्त्रक्रियेच्या दिवशी फिट येण्याचं अगदी टाळता येण्याजोगं कारण आहे. ताठरपणासाठी बॅक्लोफेन चालू असेल तर तेही अचानक तोडायचं नाही. कीटोजेनिक आहार (फिट्ससाठी दिला जाणारा, अगदी कमी साखर-पिष्ट आणि भरपूर स्निग्ध असलेला) चालू असेल तर ठळक लिहा, म्हणजे ग्लुकोजचं सलाईन लावलं जाणार नाही आणि साखरेतलं सिरप दिलं जाणार नाही.

आम्हाला आधी सांगायलाच हव्यात अशा गोष्टी: डाउन सिंड्रोममध्ये मान दुखणं, चाल बदलणं, लघवीवरचा ताबा सुटणं (मानेचे वरचे दोन मणके सैल असू शकतात, म्हणून श्वासाची नळी घालताना मान जास्त मागे नेत नाही). विल्यम्स सिंड्रोममध्ये हृदयाची पूर्ण तपासणी झाल्याशिवाय साधी गुंगीसुद्धा नको. रेट सिंड्रोममध्ये ईसीजी, कारण त्यातला क्यूटी (दर ठोक्यानंतर हृदयाची विद्युतक्रिया पूर्ववत व्हायला लागणारा वेळ) लांबलेला असू शकतो. सेरेब्रल पाल्सीत आंबट वर येणं आणि लाळ.

जाग येताना ओळखीचा चेहरा समोर असू द्या, आणि सलाईनची सुई सुरक्षित वाटताच लवकर काढायला सांगा. जाग आल्यावरचा गोंधळ बराचसा त्या सुईवरूनच होतो.

पाणकणीस

उंबरठाताईंनी पोट एका शब्दात उरकलं, पण बद्धकोष्ठतेवर वेगळं लिहायलाच हवं. ह्या मंडळींत ती अतिशय सर्रास आढळते, आणि आतडं अडकून, पीळ पडून मृत्यू होतात. ते टाळता येतात.

कारणं एकावर एक चढतात: हालचाल कमी, पाणी कमी (गिळायला त्रास म्हणून पाणी टाळलं जातं), स्नायूंचा ताण कमी किंवा जास्त, संडासची जागा न आवडणं, आणि औषधं. ट्रायहेक्सिफेनिडिल, अ‍ॅमिट्रिप्टिलीन, लाळ कमी करणारी औषधं, लोहाच्या गोळ्या, आणि सर्वांत वर क्लोझापिन हे मानसिक आजारावरचं औषध. क्लोझापिनने आतड्याची हालचाल जवळपास थांबू शकते. ते घेणाऱ्याची शौचाची नोंद रोज ठेवायलाच हवी.

सगळ्यात फसवी गोष्ट म्हणजे जुलाब. आत खडा घट्ट बसलेला असतो आणि त्याच्या कडेने पातळ पाणी झिरपतं. चड्डी सारखी खराब होते, वास येतो, घरच्यांना वाटतं जुलाब लागलेत. मग जुलाब थांबवायची गोळी दिली जाते आणि गाठ आणखी आवळते. "शी रोज होते" हे पुरेसं नाही. किती होते आणि कशी होते ते लिहा. ब्रिस्टल तक्त्यात ७ प्रकार असतात. १ आणि २ म्हणजे बद्धकोष्ठता, ३-४ ठीक. कपाटाला तक्ता चिकटवा आणि रोज एक आकडा लिहा, बस.

उपायात इसबगोल सरसकट देऊ नका. त्याला भरपूर पाणी लागतं. पाणी कमी पडलं तर ते आतच फुगून घट्ट बसतं, आणि गिळायचा त्रास असलेल्याच्या घशातही अडकू शकतं. खडा असेल तर आधी तो डॉक्टरांच्या देखरेखीखाली मॅक्रोगॉलने (पाण्यात मिसळून घ्यायची, शौच मऊ करणारी पावडर) मोकळा करायचा, मग रोजची मात्रा महिनोन्‌महिने चालू ठेवायची. दोन दिवस साफ झालं की औषध बंद करणं ही नेहमीची चूक. ताणलेलं आतडं पूर्ववत व्हायला वेळ लागतो. जेवणानंतर १५ ते ३० मिनिटांनी बसवा, पाय लोंबकळू देऊ नका, पावलांखाली पाट द्या म्हणजे गुडघे कंबरेच्या वर येतात.

पोट फुगून टणक, उलट्या, आणि गॅससुद्धा सुटत नाही असं असेल तर थेट तातडीच्या विभागात. तिथे "पोटाचा एक्स-रे किंवा सीटी करणार आहात का?" असं विचारा. प्रेडर-विली सिंड्रोम असेल तर आणखी सावध राहा: त्यांना वेदना कमी जाणवते आणि उलटी सहसा होतच नाही. त्यामुळे त्यांना झालेली एक उलटी किंवा अचानक मंदावलेली भूक हीच धोक्याची घंटा समजायची.

चाफेकळी

दातांबद्दल थोडक्यात. "सहकार्य नाही, भूल द्यावी लागेल" आणि मग भुलेची तारीख मिळेपर्यंत दाढ गेलेली, असं फार होतं. मधला मार्ग आहे. ३८ टक्के सिल्व्हर डायमाइन फ्लोराइड हे द्रव्य किडीवर ब्रशने टेकवतात. ड्रिल नाही, इंजेक्शन नाही, दात कोरडा करून मिनिटभराचं काम. कीड बऱ्याचदा तिथेच थांबते. किडलेला भाग कायमचा काळा पडतो, हे आधी सांगून मग करायचं. मात्र दाढेला सूज-पू असेल किंवा कीड दाताच्या आतल्या शिरेपर्यंत पोचली असेल तर ह्याचा उपयोग नाही. कीड लागू नये म्हणून ५ टक्के सोडियम फ्लोराइडचं व्हार्निश दर तीन ते सहा महिन्यांनी लावून घ्या.

ब्रश करताना समोर उभं राहू नका. मागे उभं राहून डोकं आपल्या अंगाला टेकवा, तोंडात नीट दिसतं आणि मान स्थिर राहते. तिन्ही बाजूंनी घासणारा ब्रश मिळतो, वेळ निम्मा लागतो. फेसाने ओकारी येत असेल तर फेस न होणारी पेस्ट, मटारच्या दाण्याएवढी, चूळ न भरता पुसून काढायची. फेनिटॉइन घेणाऱ्यांच्या हिरड्या वाढून दात झाकतात. ते दिसलं तर फिट्सच्या डॉक्टरांना कळवा. आणि सिरप साखरेचं असेल तर रात्रीच्या मात्रेनंतर दात पुसल्याशिवाय झोपवू नका.

तिठा

गोळ्यांवरून आठवलं. गिळता येत नाही म्हणून सगळ्या गोळ्या कुटून द्यायची पद्धत बरोबर आहे का?

कवडसा

नाही. सावकाश विरघळणाऱ्या गोळ्या (व्हॅल्प्रोएट, कार्बामाझेपिनचे लांब टिकणारे प्रकार) कुटल्या तर दिवसभराची मात्रा एकदम अंगात जाते, आणि रात्रीपर्यंत पातळी उतरून पहाटे फिट येते. ओमेप्राझोलच्या कॅप्सूलमधले दाणे मऊ, आंबटसर पदार्थावर टाकून देता येतात, पण चुरायचे नाहीत. नळीतून आहार चालू असेल तर फेनिटॉइन नीट शोषलं जात नाही, म्हणून ते आणि आहार ह्यांत अंतर ठेवतात आणि रक्तातली पातळी बघतात. प्रत्येक औषधासाठी "कुटलं तर चालेल का, द्रवरूपात मिळतं का" हे फार्मासिस्टला विचारा आणि त्या कागदाच्या लाल भागात लिहा. व्हॅल्प्रोएटने प्लेटलेट्स कमी होऊ शकतात. त्यामुळे सहज निळे डाग पडत असतील तर दात काढण्यापूर्वी त्या तपासून घ्या.

रिस्पेरिडोनसारखी औषधं वागणुकीसाठी चालू असतील तर सुरुवातीला, तीन महिन्यांनी आणि मग दरवर्षी वजन, कंबर, रक्तदाब, साखर आणि लिपिड बघायचं असतं. आणि दर भेटीला एक प्रश्न विचारा: हे कशासाठी सुरू केलं होतं, आणि ते कारण अजून आहे का? इंग्लंडमध्ये २०१५ च्या एका अंदाजानुसार बौद्धिक अक्षमता असलेले ३० ते ३५ हजार प्रौढ अशी औषधं तसा मानसिक आजार नसताना घेत होते, आणि त्यावरून २०१६ मध्ये ती कमी करण्याची मोहीमच सुरू झाली. पण स्वतःहून एकदम थांबवू नका. टप्प्याटप्प्याने, एका वेळी एकच औषध, आणि त्या काळात घरात दुसरा कुठला मोठा बदल नको.

उंबरठा

सगळ्यांचे आभार, धागा मनासारखा भरतोय. काहीच तक्रार नसताना करायच्या तपासण्या इथे जोडते, कारण तक्रार सांगता न येणाऱ्याची तक्रार येईपर्यंत थांबणं चूकच.

डाउन सिंड्रोम: जन्मानंतर लगेच हृदयाचा इको (स्टेथोस्कोपने हृदयात वेगळा आवाज ऐकू आला नाही तरी), थायरॉइड जन्मतः, ६ आणि १२ महिन्यांना आणि मग दरवर्षी, ऐकणं आणि नजर नियमित, ४ वर्षांच्या आत झोपेची तपासणी. चाळिशीपासून दरवर्षी स्मरणशक्ती आणि रोजच्या कामांची नोंद, कारण अल्झायमर लवकर गाठतो. त्याआधी थायरॉइड, ऐकणं, मोतीबिंदू, झोपेतला श्वास आणि नैराश्य बघून घ्यायचं, कारण ह्यातलं प्रत्येक विसरभोळेपणासारखं दिसतं आणि बरं होण्यासारखं असतं.

सेरेब्रल पाल्सीत जे स्वतः चालू शकत नाहीत किंवा काठी-वॉकरने चालतात, त्यांच्या कंबरेच्या सांध्याचा एक्स-रे ठरावीक काळाने, दुखत नसतानाही. खुब्याचा गोळा खोबणीबाहेर ३० टक्क्यांहून जास्त सरकला की हाडांच्या डॉक्टरांना दाखवायचं. लंगोट बदलताना मांड्या पूर्वीएवढ्या फाकत नाहीत हे घरी आधी लक्षात येतं. ट्यूबरस स्क्लेरोसिसमध्ये (मेंदू, मूत्रपिंड अशा अवयवांत गाठी होणारा आनुवंशिक आजार) मूत्रपिंडं १ ते ३ वर्षांनी, शक्यतो एमआरआयने.

नजर तपासायला अक्षरं वाचता यावी लागत नाहीत. साधारण मीटरभर अंतरावरून, स्पर्श न करता चष्म्याचा अंदाज देणारं यंत्र असतं. ऐकणं झोपेत तपासता येतं.

आडवाट

रानजाई, तुमचं उत्तर पटलं. एक शेवटचा प्रश्न. वय अठराच्या पुढे गेलं की डॉक्टर पालकांशीच बोलतात आणि सही पालकांचीच घेतात. त्या व्यक्तीला विचारायचं तरी कसं?

रानजाई

२००६ च्या संयुक्त राष्ट्रांच्या अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या कराराचं २५ वं कलम आरोग्याचं आहे, आणि त्यात स्वेच्छेने, माहिती घेऊन दिलेली संमती स्पष्ट लिहिलेली आहे. सही कायद्याने कुणाचीही लागो, विचारणं सुटत नाही.

"ह्याला कळत नाही" हे सरसकट कधीच खरं नसतं. एखाद्याला शस्त्रक्रियेचे धोके तोलता येणार नाहीत, पण कुठल्या हातातून रक्त काढायचं हे नक्की ठरवता येतं. म्हणून निर्णय लहान करा. एका वेळी एक गोष्ट, चित्रासह किंवा खरी वस्तू हातात देऊन, आणि मग किमान दहा सेकंद गप्प बसा. बरेच जण उत्तर द्यायला तेवढा वेळ घेतात आणि आपण तिसऱ्या सेकंदाला प्रश्न बदलतो. पर्याय दोनच द्या आणि नंतर क्रम उलटा करून पुन्हा विचारा. काही जण शेवटचा शब्दच उचलतात, ते तेव्हा कळतं. "कळलं का?" असं विचारलं तर मान हलतेच, त्यापेक्षा "आता सिस्टर काय करणार आहे ते दाखव" म्हणा.

आज हात मागे घेतला म्हणजे उपचाराला कायमचा नकार असं नसतं. खोली नको असेल, वेळ नको असेल, ती विशिष्ट व्यक्ती नको असेल. आणि एखाद्याने ठरावीक माणसाला बघूनच अंग चोरलं, कपडे काढायला कधी नव्हे तो विरोध केला, तर तिथे तपासणी थांबवा आणि अत्याचाराची शक्यता गांभीर्याने घ्या. अशा वेळी नेहमीच्या काळजीवाहकाला बाहेर थांबवून दुसऱ्या विश्वासू माणसाच्या उपस्थितीत बोलणं व्हावं. डॉक्टरांनी हे स्वतःहून करायला हवं. करत नसतील तर आपण मागायचं.